शाळेचे तारांगण कोणाच्या ताब्यात?

प्रश्न : आमच्या शाळेत छोटे तारांगण होते. ते चालविणारे सर निवृत्त झाले आणि तेव्हापासून ते बंदच आहे. गेल्या महिन्यात मेळाव्याला गेले, तेव्हा घुमटाच्या खोलीत मोडकी बाके रचलेली होती आणि घुमटावर तारे दाखविणारा प्रक्षेपक जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता. आता घुमट पाडून तेथे संगणक कक्ष होणार आहे. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी काय करावे?
— एक माजी विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, घुमटाचा वाद थोडा बाजूला ठेवून आधी ते यंत्र सुरक्षित करा. शाळांतील लहान प्रक्षेपकांत बहुधा मध्यभागी एक बारीक दिवा आणि त्याभोवती छिद्रांचे कवच असते. ठळक ताऱ्याचे छिद्र मोठे, अंधूक ताऱ्याचे लहान. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली सुरू झालेल्या कुसुमबाई मोतीचंद तारांगणातील स्पिट्झ प्रक्षेपक याच जातीचा. अशा यंत्रात बिघडण्यासारखे थोडेच असते, मात्र हाताळणाऱ्याच्या उत्साहाने ते कायमचे बिघडू शकते. धुळीने बुजलेले छिद्र सुईने मोकळे करायला गेले, की ते रुंदावते आणि चौथ्या प्रतीचा अंधूक तारा दुसऱ्या प्रतीचा ठळक तारा होऊन बसतो. दिवा मोठा लावला, तर सगळे तारे पसरट दिसतात. म्हणून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी आणि मूळ मापाचाच दिवा शोधावा.

त्यानंतर मुख्याध्यापकांना भेटून डेड स्टॉक रजिस्टरमधील (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) नोंद आणि देणगीचे पत्र पाहू देण्याची विनंती करा. देणगी विशिष्ट हेतूने दिलेली असेल, तर तो मुद्दा व्यवस्थापनापुढे लेखी मांडता येतो. संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असल्यास मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, 1951 नुसार स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी निबंधकाची परवानगी लागते. परंतु खोलीचा वापर बदलणे ही विक्री नव्हे, तेव्हा या कायद्यावर फार भिस्त ठेवू नये.

मला खरी अडचण वेगळी वाटते. सर गेल्यावर तारांगण कोणाच्याच ताब्यात दिले गेले नाही. आपल्या शेजारच्या उज्जैनची वेधशाळा पाहा. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेली ती यंत्रे पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1923 साली त्यांची दुरुस्ती झाली, तेव्हा दगडचुन्याचे काम करून दरबार थांबला नाही; गोविंद सदाशिव आपटे यांना अधीक्षक नेमून वेधशाळा त्यांच्या हाती सोपविली. आपल्या निवेदनात 'घुमट पाडू नये' एवढेच लिहिले, तर व्यवस्थापन फार तर पाडणे लांबणीवर टाकील आणि बाके तिथेच राहतील. त्याऐवजी दोन शिक्षकांची नावे, सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात महिन्याला एक तास आणि वीज-दुरुस्तीचा खर्च माजी विद्यार्थी उचलतील असे लेखी आश्वासन, या तीन गोष्टी सोबत न्या.

संगणक कक्षाची गरजही खरी आहे, ती नाकारू नका. दुसरी खोली सुचवा. ते अगदीच अशक्य झाले, तर यंत्र भंगारात न जाता, ते प्रत्यक्ष चालवील अशा संस्थेकडे रीतसर पोच घेऊन सोपवावे.

आणि सरांना लवकर भेटा. इंदूरच्या आकाशात ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे 22.7 अंशांवर दिसतो. घुमटावर इंदूरचेच आकाश दिसावे म्हणून यंत्राचा आस त्या कोनात कसा बसवायचा, कोणता स्क्रू किती सैल करायचा, हे बहुधा त्यांच्याच वहीत असेल.