नववीतल्या मुलीचे मुरुम: मासळीचं हुमण बंद करू नका, आधी ती ट्यूब तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीचं कपाळ आणि गाल मुरमांनी भरलेत, आजीनं मासळी बंद केलीय, आणि शेजारणीनं दिलेल्या ट्यूबनं आठवडाभर चेहरा छान दिसला, मग दुप्पट उसळलं. मी गोव्यात, फोंड्यात बरीच वर्षं फार्मसी चालवतोय, म्हणून सुरुवात ट्यूबपासूनच करतो.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. लाली झटकन बसते, म्हणून गुण आला असं वाटतं. पुढे कातडी पातळ होते, उन्हात गेलं की गाल लालबुंद होऊन चुरचुरतात आणि मुरुम जोरात येतात. गोरं होण्यासाठी म्हणून ही क्रीम मागायला येणाऱ्या मुली बघून पोटात कालवतं. ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस लावली असेल तर ती कशी थांबवायची ते त्यांनाच ठरवू दे.

आता मुरमांचं. १२ ते २४ वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना ते कधी ना कधी येतातच. वयात येताना अँड्रोजन हार्मोन वाढतात (मुलींमध्येसुद्धा), तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. मुलींना हे लवकर सुरू होतं, मुलग्यांना बहुधा जास्त तीव्र येतं. आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा. तुम्हाला किंवा तिच्या बाबांना त्या वयात खूप आले असतील तर ते डॉक्टरांना सांगा. तिनं चेहरा नीट धुतला नाही म्हणून हे झालं, असं कृपा करून तिला ऐकवू नका. आधीच आरशासमोर ती रडत असेल.

मासळीनं मुरुम येतात याला आधार नाही. उकड्या तांदळाचा भात आणि हुमण खुशाल वाढा. कमी करायचं असेल तर कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैद्याचे गोड पदार्थ करा. काही जणांना दुधानं वाढतात, आणि जिमला जाणाऱ्या मुलग्यांना व्हे प्रोटीननं.

आपल्याकडे खरी गोची खोबरेल तेलाची. सकाळी डोकं चोपडून वेणी घातली की आपल्या दमट हवेत ते घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेनं बारीक दाणे उठतात. रात्री लावून सकाळी केस धुवा, चेहऱ्याला तेल नको.

उपचारात डॉक्टर बहुधा ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. ॲडापलीन रात्री, वाटाण्याएवढं, मुरुम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. एकेका मुरमावर टिकलीसारखं लावून उपयोग नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडनं उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, जुना अभ्रा घाला. पहिले काही आठवडे कातडी सुकते, सोलपटते, आणि इथेच बरीच मुलं औषध सोडतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

पाळी फार अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर हार्मोनही तपासून घ्या. खोल, दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) त्वचाविभागाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा.