मुंबईतल्या स्थलांतरित मजुरांवर पत्रकार म्हणून सातत्याने लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मजुराला ‘किती कमावता?’ असं विचारू नका. ‘शेवटचा हिशोब कधी झाला?’ असं विचारा. बांधकामावर बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. हजेरीचा दर ठरतो, आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, मिळतात आणि उरलेले पैसे मुकादमाकडे साठत जातात. समजा हजेरी ७०० रुपये आहे. महिन्यात २६ हजेऱ्या भरल्या तर १८,२०० झाले. हजाराच्या चार खर्च्या वजा केल्या की बाकी १४,२००, आणि तीन महिन्यांत ४२,६००. एवढी रक्कम अडकलेला माणूस काम सोडू शकत नाही, आजारी पडला तरी गावी जाऊ शकत नाही. मुकादमाने फोन उचलणं बंद केलं की ती बुडते. म्हणून हजेरीची डायरी बघायला मागा. गावाहून निघताना उचल घेतली होती का, तेही विचारा, कारण हिशोबात ती आधी कापली जाते.

मजूर रोजचं काम मिळवायला उभे राहतात त्या नाक्यावर सकाळी साडेसातला पोहोचा, पण बोलायला दहानंतर बसा. आधी सगळ्यांचं लक्ष कामाकडे असतं. दहानंतर उरतात ते त्या दिवशी काम न मिळालेले. तिथे सगळे यूपी-बिहारचेच असतील असं धरून चालू नका. मराठवाड्यातली आणि पालघरची आपली माणसंही त्याच नाक्यावर उभी असतात, आणि मराठी पत्रकाराने त्यांना विसरणं मला फार खटकतं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. गाव आणि साइट दोन्ही छापली तर मुकादम माणूस लगेच ओळखतो, आणि बाकी अडकते. दोन्हींपैकी एक तरी गाळा, चेहऱ्याचा फोटो नको, आणि छापण्याआधी मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवा. शक्य असेल तर हिशोब मिळेपर्यंत थांबा.

मजुरी बुडाल्याची बातमी मुकादमापाशी संपवू नका. त्याच्यावर ठेकेदार आणि त्याच्यावर बिल्डर असतो. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या श्रम संहितांतही आहे. त्यामुळे बिल्डरला लेखी प्रश्न पाठवा. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. तो किती जमला, किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाला विचारा. या मंडळाकडे मजुराच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावरच्या मजुराचं घोडं तिथेच अडतं, कारण रोज मालक बदलला तर सही करणार कोण?

अपघाताची स्वतःची नोंदवही ठेवा: तारीख, साइट, पोलीस ठाणे, गुन्हा नोंदला की नुसती अकस्मात मृत्यूची नोंद, भरपाई किती ठरली, किती हातात पडली. सरकारी आकड्यांवर विसंबू नका: लॉकडाऊनमध्ये किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी नाही, असं केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितलं होतं.

पोटापाण्याचं म्हणाल तर फक्त या विषयावर नोकरी मिळणं अवघड आहे. महापालिका किंवा पुनर्विकास ही बीट, म्हणजे बातमीदारीचा ठरलेला विषय, मागून घ्या. रोज त्याच बिल्डरांशी आणि त्याच साइटशी संबंध येतो.