आजोबांच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतून काडतुसे पुन्हा भरता येतील का?

तुम्ही लिहिले आहे की, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील तुमच्या घरी आजोबांच्या मागे .४५५ चे वेब्ली रिव्हॉल्व्हर, काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांचा, म्हणजे पुंगळ्यांचा डबा आणि गोळ्या ओतण्याचा एक लोखंडी साचा राहिला आहे, परवाना अजून आजोबांच्याच नावावर आहे, आणि काडतुसे कोठेच मिळत नसल्यामुळे ती घरी भरावीत असा तुमचा विचार आहे. माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मी सैन्यात शस्त्रदुरुस्तीचे काम केले, त्यानंतर बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत अनेक वर्षे काढली, आणि माझे बालपण वडिलांच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, हाताळण्यात गेले. त्यामुळे कारणे नीट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

कायद्याचा भाग आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी आहे. शिवाय .४५५ ची काडतुसे चालणारे रिव्हॉल्व्हर हे नियमांनुसार ‘प्रतिबंधित बोअर’, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापाचे हत्यार ठरते आणि त्याचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर दिला जात नाही. आपल्याकडे पुष्कळांचा असाही समज असतो की, कर्नाटकात बंदुकीला सूट आहे. ती सूट कोडगूतील (कूर्ग) कोडव समाजासाठी व तेथील ‘जम्मा’ या वंशपरंपरागत हक्काच्या जमीनधारकांसाठी आहे, बेळगाव जिल्ह्याशी तिचा काहीही संबंध नाही.

आता शिशाबद्दल. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळते, आणि हा सोपेपणाच माणसाला फसवतो. वडील झिजलेले खिळे लोखंडी कढईत वितळवत, तेव्हा वर काळपट साय धरत असे. त्यात त्यांनी मेणाचा तुकडा टाकला की भपकन जाळ होई, राखाडी मळी कडेला गोळा होई आणि खाली आरशासारखा लखलखीत धातू दिसे. एकदा धुऊन ठेवलेली पळी पुरती न सुकवताच त्यांनी कढईत बुडवली. पाण्याची क्षणात वाफ होऊन अर्धी कढई उसळली, आणि त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत पडलेले पांढरे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. मी फौंड्रीत पुढे कितीतरी टन लोखंड ओतले, पण पळी गरम करून सुकवल्याशिवाय धातूला लावायची नाही, हा नियम त्या दिवशी शिकलो.

जुन्या छापखान्यातील खिळ्यांचा धातू गोळ्यांसाठी उत्तम, असे तुम्ही कोणाकडून तरी ऐकले आहे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तो मिश्रधातू अक्षराच्या कडा धारदार उठाव्यात म्हणून बनवलेला असतो, कारण अँटिमनीमुळे धातू कठीण होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही. परंतु नेमक्या तुमच्या रिव्हॉल्व्हरला तो चालणार नाही. अनेक वेब्लींमध्ये काडतुसे ठेवायच्या फिरत्या चक्राच्या घरांची तोंडे नळीच्या आतील पिळदार खाचांपेक्षा किंचित अरुंद असतात. म्हणून लष्करी गोळीचा तळ पोकळ ठेवलेला असे, जेणेकरून मऊ शिसे दाबाने फुगून खाचांत घट्ट बसावे. कठीण धातूची गोळी फुगत नाही, तिच्या बाजूंनी तप्त वायू निसटतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. गोळी किती कठीण आहे यापेक्षा ती नळीला किती नेमकी बसते हे महत्त्वाचे, आणि ओतकामात नवख्या माणसाला हेच पटत नाही.

माझा एक भाचा टेक्सासमध्ये राहतो. तेथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही, आणि .४४ मॅग्नमसाठी तो ती भरतो. नाव .४४ असले तरी त्या गोळीचा व्यास ०.४२९ इंच असतो. भाच्याने मात्र पुस्तकातील आकड्यावर न थांबता आपल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढला, मायक्रोमीटरने मोजला आणि गोळी त्याहून इंचाच्या एक हजारांश भागाने जाड ठेवली. बंदुकीची दारू भरून झाल्यावर त्याने पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या आणि बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकावून पाहिले. कारण विचारल्यावर त्याने मला एका पुंगळीतील दारू दाखवली : ती निम्म्यालाही पोहोचली नव्हती. मोठ्या पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सांडत नाही, त्यामुळे डोळ्याला कळत नाही, आणि चक्र फुटते. दारू पडलीच नाही तर केवळ टोपीच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या भागाच्या, जोरावर गोळी नळीत अडकते. ते लक्षात न येता दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. .४५५ ची पुंगळीही अशीच, काळ्या दारूच्या काळात आखलेली. त्यात वेब्ली बिजागरीवर मोडून उघडणारे हत्यार आहे, ते मुळातच कमी दाबासाठी बनवलेले आहे, आणि तुमच्या हातात कोणत्याही आजच्या दारूचे तपासलेले कोष्टक नाही.

तुमच्याकडील पुंगळ्या लष्करी असतील, तर त्या बहुधा बर्डन पद्धतीच्या आहेत. उजेडासमोर धरून आत पाहा : तळाशी मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोके दिसतील. वापरलेली टोपी मधल्या पिनेने ठोकून काढण्याची नेहमीची हत्यारे त्यांना चालत नाहीत. जुनी बॅटरी फोडून शिसे काढण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका; त्या प्लेटांच्या मळीवर पाणी पडल्यास विषारी वायू सुटू शकतात. साध्या शिशाचीही बारीक राख हातांवरून पोटात जाते, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही.

आता करायचे काय? परवानाधारक वारल्यानंतर ते हत्यार घरात ठेवणे हेच आज बेकायदेशीर आहे, आणि कोणी विचारत नाही म्हणून ते तसेच राहू देऊ नका. कायद्याच्या कलम २१ नुसार ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि मृत्यूचा दाखला, मूळ परवाना व वारसाची कागदपत्रे जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र विभागात अर्ज द्या. हत्यार स्वतः बसमधून नेऊ नका. आधी ठाण्यात लेखी कळवा आणि ते सांगतील तसे सोपवा. त्या अर्जात पुंगळ्यांची मोजून संख्या लिहा, आणि आजोबांची आठवण म्हणून जो साचा तुम्ही वेगळा ठेवू पाहत आहात, त्याचीही नोंद त्याच कागदावर करा.