गावाकडची मुलं कामाच्या नावाखाली नेली जातात, ते थांबवायला माझ्यासारख्याने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मूळचे धुळे जिल्ह्यातले, आता पुण्यात नोकरीला आहात. मानवी तस्करीच्या बातम्या वाचून अस्वस्थ होता आणि एखाद्या अनाथाश्रमाला दरमहा पैसे द्यावेत का, असं विचारलंय. मी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवते. डोळ्यांनी पाहिलं त्यावरूनच सांगते.

पहिलं म्हणजे, मुलं नेणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. १ जुलै २०१८ ला आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला, भर बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मोबाइलवर 'मुलं पळवणारी टोळी आली' अशी अफवा फिरत होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्या वर्षीही आमच्या पाड्यांवरून मुलं बाहेर गेली. ती मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या माणसाच्या, ट्रकमधून गेली, आईबापांच्या डोळ्यांदेखत. त्या ट्रकला कुणी हात दाखवला नाही.

आमच्याकडचं वर्ष कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे मदत कधी करायची ते कळेल. पोळ्याच्या सुमारास घरातलं धान्य संपत आलेलं असतं, भात आणि नागली अजून शेतात उभी. मुकादम नेमका तेव्हाच उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेऊन येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. दिवाळी झाली की ट्रक गुजरातकडे, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघतात. माणसं परततात ती होळीला, नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला). तिकडे उचलीची फेड दीडपटीने धरतात, मधल्या धान्याचे पैसेही त्याच वहीत लिहिले जातात, आणि हंगाम संपला तरी काहीतरी शिल्लक निघतंच. मग पुढच्या वर्षी ते फेडायला सातवी-आठवीतली मुलगी अर्धा कोयता म्हणून जाते. कायद्यात याला वेठबिगारी म्हणतात, १९७६ पासून ती बंद आहे. पाड्यावर मात्र तिला 'बाकी' म्हणतात, आणि बाकी फेडणं हा इमानाचा प्रश्न मानतात.

एका मुलीचं सांगते. सहावीत होती, वडील वारलेले, पाठीवर दोन भाऊ. आईने भाद्रपदात उचल घेतली होती, म्हणजे दिवाळीनंतर तिला ऊसतोडीला जायचंच होतं. लांबच्या नात्यातला एक मामा आला. म्हणाला, सुरतेला साड्यांच्या पॅकिंगचं काम आहे, राहणं-खाणं मालकाचं, तीन महिन्यांचे पैसे आत्ताच देतो. आई माझ्याकडे मुलीचा दाखला मागायला आली, म्हणून मला कळलं तरी. मी तिला कायदा ऐकवला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, पोलीस केस होईल, वगैरे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पोरले कोनापाशी ठेवू, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या घराला कायदा ऐकवण्याआधी मी काय घेऊन जायला हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

उत्तर शोधायला निघाले तेव्हा दिसलं की योजना आहेत. एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. मूल घरीच राहतं, हे तिचं मोठेपण. पण अर्जाला वडिलांचा मृत्यू दाखला लागतो, आणि तो काढलेलाच नव्हता. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे साक्रीला खेपा, प्रत्येक खेपेला गाडीभाडं आणि बुडालेला रोज. जिला अक्षर वाचता येत नाही त्या बाईने हे एकटीने कसं करावं? मी सुट्टी टाकून तीनदा सोबत गेले. खर्चून गेलेल्या उचलीचे नऊ हजार आम्ही शिक्षकांनी आणि पोलीस पाटलांनी मिळून भरले, तेव्हा मुकादमाने पाठ सोडली. ग्रामपंचायतीत रोजगार हमीचा नमुना ४, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून दिला आणि पोच हट्टाने मागून घेतली, कारण १५ दिवसांत काम देण्याचं बंधन त्या पोचेवरूनच मोजलं जातं. एका दुकानदाराने दोन महिने किराणा उधार दिला. बालसंगोपनाचे पहिले पैसे खात्यावर जमा झाले तेव्हा जून उजाडला होता.

आईने मुलीचा दाखला मागितल्यापासून पैसे येईपर्यंत सात-आठ महिने गेले. मामाने मात्र रोख पैसे त्याच दिवशी पुढे केले होते. तुम्हाला पैसेच द्यायचे असतील तर या मधल्या महिन्यांसाठी द्या. किराणा, खेपांचं भाडं, झेरॉक्स, वेळप्रसंगी दवाखाना. रक्कम लहान असते, पण ती पोळ्याच्या आत पोचली पाहिजे. दिवाळीनंतर पाठवलेल्या पैशांनी रिकामं झालेलं घर परत भरत नाही.

अनाथाश्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याची आई जिवंत आहे ते मूल आईपाशी राहावं, यावर आधी खर्च करा. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्यायच मानतो. पाड्यांवर 'मोफत शिक्षण, मोफत वसतिगृह' म्हणत मुलं गोळा करणारेही येतात. सगळेच वाईट नसतात. पण निराधार मुलं ठेवणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालचं नोंदणीपत्र असावंच लागतं. ते मागा. शंका वाटली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा बालकल्याण समितीकडे विचारा.

कोणतं घर डळमळतंय ते कसं ओळखायचं? अंगणवाडीताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. नवरा गेलेली किंवा टाकलेली बाई, अंथरुणाला खिळलेला कर्ता, आजीजवळ टाकून गेलेली भावंडं, सातवीनंतर शाळा सुटलेली मुलगी. (मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण पाड्यापर्यंत एसटी येतच नाही, हे दुखणं वेगळं.) कागदोपत्री प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सुट्टीला गावी गेलात की सरपंचांना एवढंच विचारा, शेवटची बैठक कधी झाली? शहरातून आलेल्या माणसाने विचारलं की वही उघडली जाते, हा माझा अनुभव आहे.

लग्नाचं मात्र फार जपून पाहावं लागतं. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. जिथे मुली जन्मू दिल्या नाहीत तिथली मुलं आता लग्नाची झाली, आणि दलाल आमच्या पाड्यांवर, सातपुड्यात फिरू लागले. आदिवासींत देज, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी पैसे, देण्याची रीत जुनी आहे, तिच्या आडून विक्री खपून जाते. लांबचं स्थळ, घाईची तारीख, लग्नाचा सगळा खर्च मुलाकडून आणि मध्ये एक अनोळखी बाई, असं दिसलं की १०९८ ला (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर टिपा, पण गाडी अडवायला माणसं गोळा करू नका, राईनपाडा आठवा. आणि आईबापांनी पैसे घेऊन 'हो' म्हटलं असेल तरी गुन्हा होतोच. ताबा असणाऱ्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणं हेही भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीच्या व्याख्येत येतं.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. मी दरवर्षी त्या दिवशी पाड्यावर चक्कर मारते आणि कोण आली नाही ते पाहते. गेल्या खेपेला दोघी दिसल्या नाहीत. एकीचा फोन लागला, ती बाळंतीण होती. दुसरीचा फोन वर्षभर बंद होता, आणि तिच्या आईकडे जावयाच्या गावाचं नावसुद्धा नव्हतं. तिची तक्रार पोलिसांत दिली आहे, मी पाठपुरावा करते आहे.

तुमचं गाव कोणतं ते कळवा. आमच्या बाजूचं असेल तर तिथल्या अंगणवाडीताईंशी मी स्वतः बोलते, आणि श्रावणाच्या आत एक घर ठरवू.