वसंतात भिंगऱ्या कमी दिसल्या, तर

एका वसंतात भिंगऱ्या आणि पाकोळ्या कमी दिसल्या म्हणून त्यांची संख्या घटली, असा निष्कर्ष तुम्ही लगेच काढू नये, कारण स्थलांतराहून परतीच्या वाटेवर थंडी-पाऊस लागला की उडते कीटक मिळत नाहीत आणि हे पक्षी बरेच उशिरा पोहोचतात. घट मात्र खरी आहे. ब्रिटनमध्ये 2021 साली पाकोळी आणि घरभिंगरी या दोघींची नोंद पक्ष्यांच्या लाल यादीत (संवर्धनाची सर्वाधिक गरज असलेल्या जातींच्या यादीत) झाली. आकाशातले पक्षी मोजण्यापेक्षा ठरावीक घरटी दरवर्षी त्याच आठवड्यांत लांबून पाहावीत आणि रिकाम्या घरट्यांचीही नोंद ठेवावी (नवशिके नेमकी हीच टाळतात). पाकोळीची घरटी छपराच्या फटींत दडलेली असल्याने, तिच्यासाठी संध्याकाळी आत शिरणारे पक्षी मोजणे अधिक भरवशाचे ठरते.