कॅलिफोर्नियात लग्न न करता डोमेस्टिक पार्टनरशिपची (जोडप्याच्या नात्याला राज्याने दिलेली कायदेशीर मान्यता) नोंदणी केल्यास कोणते हक्क मिळतात?

दोघेही 18 वर्षांवरील असावेत आणि कोणाचेही दुसरे लग्न किंवा भागीदारी कायम नसावी. ठरावीक अर्जावर नोटरीसमोर सह्या करून तो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल करावा लागतो. 2020 पासून स्त्री-पुरुष जोडप्यांना वयाची 62 वर्षांची जुनी अटही राहिलेली नाही.

राज्याच्या कायद्यापुरते हक्क जवळपास पतीपत्नीसारखेच आहेत: इस्पितळातील भेट व उपचारांचे निर्णय, मृत्युपत्र नसताना वारसा, एकत्रित मालमत्ता आणि तिच्यासोबत येणारी कर्जाची जबाबदारी, जिचा विचार सही करताना क्वचितच होतो. खरी मेख केंद्रीय करात आहे. राज्याचे विवरणपत्र तुम्ही विवाहितांप्रमाणे भरता. केंद्राचे मात्र प्रत्येकाने स्वतंत्र, आणि त्यातही सामाईक उत्पन्नाचा निम्मा निम्मा वाटा दाखवून. जोडीदार तुमच्यावर अवलंबून नसेल, तर कंपनीने त्याच्या आरोग्यविम्यासाठी भरलेली रक्कम केंद्राच्या हिशेबात तुमचे करपात्र उत्पन्न ठरते आणि पगाराच्या चिठ्ठीवर वेगळी ओळ म्हणून दिसते.

जोडीदाराच्या आधारे ग्रीन कार्ड हवे असेल, तर ही नोंदणी उपयोगाची नाही. तिथे विवाहच लागतो. आणि वेगळे व्हायचे झाल्यास, बहुतेक प्रकरणांत, घटस्फोटासारखेच न्यायालयात जावे लागते.