जर्नीमन म्हणजे रोजाचा गडी

प्रश्न कॅल्गरीहून आला आहे. विचारणाऱ्या बाईंचा मुलगा आइस हॉकीत गोलकीपर आहे. टीव्हीवरच्या समालोचनात एका गोलकीपरला 'जर्नीमन' म्हटलेलं त्यांनी ऐकलं. घरच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी त्याचं मराठी 'प्रवासी खेळाडू' असं करून टाकलं. त्या विचारतात, हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं? आणि हा शब्द कौतुकाचा की कमीपणाचा?

बरोबर नाही. 'प्रवासी खेळाडू', 'भटका खेळाडू', 'फिरस्ता' ही तिन्ही रूपं मी गेली काही वर्षं ऐकतो आहे, कधी हॉकीपटूबद्दल, कधी फुटबॉलपटूबद्दल, आणि दर वेळी माझा संताप होतो. जर्नी म्हणजे प्रवास, मॅन म्हणजे माणूस, झाला प्रवासी! शब्दाचे दोन तुकडे करून त्यांचं भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं की शब्दाचं भाषांतर होत नाही.

जर्नीमनमधला 'जर्नी' हा प्रवास नाही. तो दिवस आहे. फ्रेंचमध्ये 'झूर्ने' म्हणजे दिवसभराचा काळ, एका दिवसाचं काम, एका दिवसाची मजुरी. त्याच्या मागे लॅटिनचा 'दिउर्नुस', म्हणजे दिवसाचा, आणि त्याच्याही मागे 'दिएस', म्हणजे दिवस. हा 'दिएस' आपल्या 'दिवस'चा सख्खा चुलतभाऊ. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या कारागिरांच्या संघांत तीन पायऱ्या असत. काम शिकायला राहिलेल्या उमेदवाराला जेवणखाण आणि आसरा मिळे, पगार नसे. उस्तादाचा स्वतःचा कारखाना असे. या दोघांच्या मधला, काम शिकून तयार झालेला पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या हिशेबानं मजुरी घेणारा कारागीर तो जर्नीमन. स्पॅनिशमध्ये शेतावरच्या रोजंदाराला आजही 'होर्नालेरो' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'झुर्नालिए'. ही सगळी दिवसाची पोरं. 'जर्नल' त्यातलंच, आणि सभा 'ॲडजर्न' करणं म्हणजे ती दुसऱ्या दिवसावर ढकलणं.

मग प्रवास कुठून आला? तोही दिवसातूनच. एका दिवसात जेवढं अंतर कापता येतं ती जर्नी. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे: मजल. मूळ अरबी 'मंझिल', म्हणजे उतरण्याची जागा. फौज दिवसभर चालून संध्याकाळी जिथे उतरे तिथवरची वाट ही एक मजल, आणि अशा अनेक दिवसांची वाट म्हणजे 'मजल दरमजल'. इंग्रजी जर्नीनं पुढे दिवसाचं माप टाकून दिलं आणि नुसता प्रवास शिल्लक ठेवला. जर्नीमननं मात्र दिवस सोडला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो.

दिवसाच्या मजुरीला आपण काय म्हणतो? रोज. 'आज बायकांचा रोज किती चाललाय?' 'पावसानं दोन रोज बुडाले.' 'ती रोजानं जाते.' इथे 'रोज' हे क्रियाविशेषण नाही, नाम आहे, आणि त्याचा अर्थ दिवस आणि दिवसाची कमाई असा दुहेरी आहे. फ्रेंच झूर्नेचा आहे तसाच. माझे वडील बांधकामावर मुकादम होते. त्यांची हजेरीची वही मला अजून दिसते. डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनात उभी रेघ म्हणजे भरलेला रोज, अर्धी रेघ म्हणजे अर्धा रोज, आणि फुली म्हणजे खाडा. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते रेघा मोजत, तोंडानं मोठ्यानं मोजत, कारण समोरचा माणूस स्वतःही बोटांवर मोजत असे.

शुद्धतेचा आग्रह धरणारे इथे लगेच म्हणतील की रोज हा फारसी शब्द, त्याऐवजी 'दैनिक वेतन' म्हणा. त्यांना मी दर वेळी तीच गोष्ट सांगतो. फारसी 'रोज' हा प्राचीन इराणी भाषेतल्या 'रउचह्'चा वंशज. इराणी सम्राट दारयवहुशाच्या बेहिस्तून शिलालेखात तो 'दिवस' या अर्थानं कोरलेला आहे, इसवी सनाच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी. मूळ अर्थ उजेड. संस्कृतातला 'रुच्' धातू, म्हणजे प्रकाशणं, त्याच घरातला. त्यातून 'रोचिस्' म्हणजे तेज, 'रुक्म' म्हणजे सोनं, आणि आपली रुचीसुद्धा. म्हणजे 'रोजच्या जेवणाला रुची नाही' असं कुणी म्हणतं तेव्हा एकच मूळ एका वाक्यात दोनदा येतं. आणि 'दिवस'चं मूळ काय? तेही प्रकाशणंच. इकडे फ्रेंच मजुराचा दिवस आणि मराठी मजुराचा रोज, दोन वेगळ्या धातूंतून निघाले आणि उजेड, मग दिवस, मग दिवसाची कमाई या एकाच वाटेनं चालत आले. असा शब्द परका म्हणून हाकलायचा आणि त्या जागी 'दैनिक वेतन' बसवायचं हे मला मुळीच मान्य नाही. 'दैनिक वेतन' बुडत नाही, भरत नाही. रोज बुडतो आणि भरतो.

तशीच चूक 'रोजनिशी'ची. कितीतरी शिकलेली माणसं मला सांगतात की रोज म्हणजे दिवस आणि निशी म्हणजे निशा, रात्र. म्हणून दिवसरात्रीची नोंद ती रोजनिशी. साफ चूक. ती 'रोजनविशी', रोजचं लिहिणं. चिटणीस, पारसनीस, फडणीस यांच्यात जो लिहिणारा 'नवीस' बसला आहे तोच इथे आहे. रोजनिशीत रात्र पाहणं आणि जर्नीमनमध्ये प्रवास पाहणं ही एकाच जातीची चूक आहे. ओळखीचा तुकडा दिसला की मन त्याच्यावर झडप घालतं आणि शब्दाचा इतिहास विचारायचं विसरतं.

बरं, हॉकीकडे येतो. नॅशनल हॉकी लीग वरची, तिचे ३२ संघ. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग, तिचेही ३२. वरच्या प्रत्येक संघाचा खाली एक जोडीदार संघ असतो, आणि वर कुणी जखमी झाला की खालून माणूस बोलावतात, काम झालं की परत धाडतात. कोशांच्या नादात असलेले माझे एक स्नेही म्हणतात, 'व्युत्पत्ती काही असो, आज हा शब्द गावोगाव फिरणाऱ्या खेळाडूलाच लावतात. जर्मनीत तर जर्नीमन खरोखर तीन वर्षं आणि एक दिवस गाव सोडून हिंडतात, घराच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकत नाहीत.' जर्मन प्रथा खरी आहे. पण जर्मन त्याला जर्नीमन म्हणत नाहीत, 'गेझेले' म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ एका खोलीत राहणारा सोबती. म्हणजे स्नेह्यांनी पुरावा म्हणून आणलेल्या शब्दातही प्रवास नाहीच. आणि कॅल्गरीचंच बघा ना. कॅल्गरी फ्लेम्स वरच्या लीगमध्ये, कॅल्गरी रँग्लर्स खालच्या. २०२२ पासून दोन्ही संघ एकाच सॅडलडोममध्ये खेळतात. तिथे खेळाडू वरून खाली गेला तरी गाव बदलत नाही, इमारतही बदलत नाही. मग बदलतं काय? त्याचा रोज!

ही माझी कविकल्पना नव्हे. नॅशनल हॉकी लीगमध्ये पगार खरोखर दिवसावर मोजतात. हंगामाचे साधारण १९० दिवस धरायचे, वर्षाच्या आकड्याला त्यांनी भागायचं, आणि खेळाडू जितके दिवस वरच्या यादीत असेल तितक्या दिवसांचे पैसे. २०२५-२६ च्या हंगामात वरच्या लीगचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आसपास. ज्याचा करार 'टू-वे', त्याला खाली गेल्यावर त्याच दिवशीपासून खालचा, कितीतरी कमी दर लागू होतो. वर भरलेला प्रत्येक दिवस ही वहीतली उभी रेघ. 'वन-वे' करार असलेल्याला मात्र वर खेळो की खाली, ठरलेला पूर्ण पगार मिळतो.

हे वाचताना शेतीतल्या माणसाला लगेच ओळख पटेल. वन-वेवाला म्हणजे सालगडी. त्याचं साल पाडव्याला ठरतं, हॉकीवाल्यांचा पाडवा १ जुलै. पुढे मालक औताला लावो की गोठ्यात, सालाचा आकडा तोच. टू-वेवाला रोजावर. आणि इथेच मराठी अशी गंमत करते की मी ती आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. आपल्या भाषेत 'गडी' म्हणजे कामाचा माणूस आणि 'गडी' म्हणजे खेळाडूसुद्धा. शेतावर गडी लावतात, कबड्डीत गडी बाद होतो, राखीव गडी बाहेर बसतो. इंग्रजीनं कारखान्यातल्या मजुराचा शब्द खेळाडूला लावला तेव्हा तिला एक उडी मारावी लागली. मराठीत ती उडी आधीच झालेली आहे. जर्मनांच्या सोबत्यासाठीही आपल्याकडे सवंगडी तयार आहे, त्यातही गडीच. म्हणून माझं उत्तर: रोजगडी. सालगडी ज्याला कळतो त्याला रोजगडी समजावून सांगावा लागत नाही.

स्नेह्यांचं एक म्हणणं मी अर्धं मान्य करतो. हॉकीत हा शब्द दोन तऱ्हेच्या माणसांना लावतात. एक माइक सिलिंजरसारखा. तो वरच्या लीगमध्ये १,०४९ सामने खेळला, पण १२ वेगवेगळ्या संघांकडून, आणि तो विक्रम आहे. अशांसाठी नवा शब्द पाडायची गरजच काय? बारा गावचं पाणी प्यायलेला! आकडासुद्धा तंतोतंत जुळतो. दुसरा विली मार्शलसारखा. खालच्या लीगमध्ये १,२०५ सामने, ५२३ गोल, आणि गोल व गोलला दिलेले पास मिळून १,३७५ गुण, जे तिथे आजवर कुणाला ओलांडता आलेले नाहीत. वर मात्र टोरोंटो मेपल लीफ्सकडून फक्त ३३ सामने. हा रोजगडी. रॉबिन बावाही रोजगडी. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी घरातला हा मुलगा १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला आणि नॅशनल हॉकी लीगमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. वर चार संघांकडून मिळून ६१ सामने, बाकीची वर्षं बाल्टिमोर, फोर्ट वेन अशा गावांत, खालच्या लीगांत. या माणसाला 'भटका' म्हणायला जीभ कशी धजते?

राहिला शेवटचा प्रश्न, कौतुक की कमीपणा. समालोचक कधी हा शब्द खांदे उडवून वापरतात, 'यथातथाच' अशा अर्थानं. त्याकडे लक्ष देऊ नका. तुमच्या अल्बर्टा प्रांतात वायरिंग करायला येणाऱ्या माणसाकडे जर्नीमन इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र असतं. काही वर्षं उमेदवारी करून, परीक्षा देऊन ते मिळतं. ते नसेल तर तुम्ही त्याला एकट्याला मीटरला हात लावू देणार नाही. शब्दाचा मूळ मान तो आहे: ज्याच्या हातात काम बसलं आहे असा.

तुमचा मुलगा गोलकीपर आहे, म्हणून त्याला मायकल लेटनची गोष्ट सांगा. एप्रिल २००८ मध्ये खालच्या लीगच्या एका सामन्यात ऑल्बनीकडून त्यानं ९८ फटके अडवले. सामना पाच जादा डावांपर्यंत लांबला आणि तरीही त्याचा संघ हरला. डिसेंबर २००९ मध्ये कॅरोलायनानं त्याला सोडायला काढलं. असा खेळाडू खाली धाडण्याआधी दुसऱ्या संघांना त्याच्यावर हक्क सांगायला २४ तास असतात. त्या मुदतीत फिलाडेल्फियानं त्याला उचललं. सहा महिन्यांत तो वरच्या लीगच्या अजिंक्यपदाच्या, म्हणजे स्टॅन्ली कपच्या, अंतिम फेरीत गोलात उभा होता, वाटेत मॉन्ट्रिआलला तीन सामन्यांत त्यानं एकही गोल करू दिला नव्हता. जून २०१० मध्ये शिकागोविरुद्ध सहाव्या सामन्यात जादा वेळेत गोल झाला आणि कप गेला. पुढच्याच हंगामात तो पुन्हा खाली, आणि तिथे खेळत राहिला तो अमेरिकन हॉकी लीगमध्ये गोल न खाल्लेल्या सामन्यांचा ५० चा विक्रम करेपर्यंत. त्याआधीचा ४५ चा आकडा जॉनी बॉवरच्या नावावर होता.